हौशे, नवशे आणि मॉर्लीची बेरिल

जत्रेला तीन प्रकारची माणसं येतात असं आपल्याकडे म्हणतात. हौशे, नवशे आणि गवशे. नवशे नवस फेडायला येतात, गवशे काही गवसतंय का ते बघायला येतात, आणि हौशे... ते आपले उगाच येतात! निदान आपला समज तरी तसा असतो. हौशी नट म्हणजे दिवसभर बँकेत काम करून संध्याकाळी तालमीला जाणारा. हौशी गायक म्हणजे सोसायटीच्या गणपतीत गाणारा. "हौशी आहे हो" म्हटलं की त्यात थोडं कौतुक असतं आणि बरीचशी सूट असते. चुकलं तर चालेल, धंदेवाईक थोडाच आहे बिचारा!

मंडळी, आज ज्या बाईबद्दल लिहितोय ती आयुष्यभर हौशीच राहिली. बेरिल बर्टन तिचं नाव. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात लीड्स शहराला लागून मॉर्ली नावाचं गाव आहे, तिथली. सायकलच्या शर्यती हा तिचा सुट्टीच्या दिवसाचा उद्योग. आठवडाभर शेतावर अंगमेहनतीचं काम, घरी नवरा, मुलगी, स्वयंपाकपाणी आणि वेळ मिळेल तेव्हा विणकाम. या बाईने सात वेळा जागतिक अजिंक्यपद मिळवलं. १९५९ ते १९८३ अशी सलग २५ वर्षं ब्रिटनची सर्वोत्तम अष्टपैलू महिला सायकलपटू हा किताब दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिला नाही. आणि १९६७ च्या सप्टेंबरमध्ये बारा तासांत एवढं अंतर कापलं, की तोपर्यंत ब्रिटनमधल्या एकाही पुरुषाला शर्यतीत ते जमलं नव्हतं.

हे वाचल्यावर आपल्यासारख्या नोकरदार माणसांना पहिला प्रश्न काय पडतो? "हिला वेळ कुठून मिळायचा?" निदान मला तरी तोच पडला. याचं नेहमीचं उत्तर म्हणजे जिद्द, चिकाटी, पहाटे उठणं वगैरे. ते खरं आहेच, पण अर्धंच. उरलेलं अर्धं उत्तर शोधायचं तर थोडं मागे, एका बिथरलेल्या घोड्यापाशी जावं लागतं.

तारीख २१ जुलै १८९४. लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या हमरस्त्यावर नॉर्थ रोड सायकलिंग क्लबची पन्नास मैलांची शर्यत चालली होती. हंटिंग्डनजवळ काही स्पर्धक एका बाईंच्या घोडागाडीला ओलांडून पुढे जायला लागले आणि घोडा बिथरला. सायकलवाले धडपडले, बाई घाबरल्या आणि मग त्यांनी पोलिसांत तक्रार केली. त्या काळात सायकलवाल्यांबद्दल लोकांचं मत काही फार बरं नव्हतं. आज रात्री-अपरात्री मोटारसायकली उडवणाऱ्या पोरांबद्दल आपलं जे मत असतं, साधारण तेच. सायकलींवर सरसकट बंदी येईल की काय या धास्तीने नॅशनल सायकलिस्ट्स युनियन या त्यांच्याच संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतींवर फुली मारली.

त्या घोड्याजवळून जाणाऱ्यांमध्ये फ्रेडरिक बिडलेक नावाचा एक गृहस्थ होता. त्याने यावर जो तोडगा काढला त्याला आमच्या भाषेत वर्कअराउंड म्हणतात. शर्यत नको ना? ठीक. मग सगळ्यांनी एकत्र सुटायचंच नाही. एकेकाने, मिनिटा-मिनिटाच्या अंतराने निघायचं. दुसऱ्याच्या मागे चिकटून, त्याच्या आडोशाने वारा चुकवत जायचं नाही. प्रत्येकाने ठरलेलं अंतर एकट्याने कापायचं आणि शेवटी फक्त घड्याळ बघायचं. बघणाऱ्याला वाटावं, चालले आहेत आपले काही सायकलवाले कामाला. ५ ऑक्टोबर १८९५ ला अशी पहिली शर्यत झाली. याच प्रकाराला टाइम ट्रायल म्हणतात.

पुढे याचे नियम एखाद्या गुप्त संघटनेला शोभतील असे झाले. शर्यत भल्या पहाटे, रस्त्यावर दूधवाल्याशिवाय कुणी नसताना. कपडे काळे, गळ्यापासून घोट्यापर्यंत. मार्गाला नाव नाही, फक्त सांकेतिक अक्षरं आणि आकडे. स्पर्धकांच्या यादीवर 'खासगी व गोपनीय' असा शिक्का. बाकीच्या युरोपात शहराच्या चौकातून बँड वाजवत शर्यती सुटत होत्या आणि इंग्लंडात मात्र चोरासारख्या! १९४२ साली पर्सी स्टॅलार्ड नावाच्या माणसाने लँगॉलन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सगळ्यांनी एकत्र सुटायची शर्यत भरवली. ती सुरळीत पार पडली, आणि बक्षीस म्हणून संघटनेने त्याला निलंबित केलं. त्यावरून इंग्लंडातल्या सायकलवाल्यांमध्ये दोन तट पडले आणि ते भांडण मिटायला १९५९ साल उजाडलं.

आता या सगळ्याचा बेरिलशी काय संबंध? खूप आहे. बिडलेकने पोलिसांना चुकवायला जी पद्धत काढली, ती योगायोगाने कामकरी माणसाला अगदी मापात बसली. बघा ना. शर्यत रविवारी पहाटे, म्हणजे नोकरी बुडत नाही. जवळच्याच रस्त्यावर, म्हणजे प्रवासखर्च नाही. संघ लागत नाही, प्रशिक्षक लागत नाही, पंचवीस मैलांची असेल तर न्याहारीच्या वेळेला माणूस घरी. पहिला येणारा एकच असला तरी बाकीच्यांनाही काहीतरी मिळतं, कारण प्रत्येकाच्या नावापुढे त्याची वेळ लागते आणि गेल्या वेळेपेक्षा दहा सेकंद जरी वाचले तरी आठवडा सुखात जातो. आणि घड्याळाला तुम्ही बाई आहात की बुवा, कारखान्यात आहात की कॉलेजात, यातलं काहीच कळत नाही.

हे शेवटचं वाटतं तेवढं साधं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये 'अमॅच्युअर' हा साहेबांनी साहेबांसाठी राखून ठेवलेला शब्द होता. हेन्लीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतींचा १८७९ चा नियम बघा. जो कारागीर, यंत्रकामगार किंवा मजूर म्हणून पोट भरतो त्याला तिथे अमॅच्युअर म्हणून भागच घेता येत नव्हता. म्हणजे वल्हं मारण्याचे पैसे घेतले नाहीत एवढं पुरेसं नाही, पोटासाठी हातच चालवलेले नसले पाहिजेत! सायकलवाल्यांच्या क्लबांनी तो शब्द नकळत कामगारांच्या घरी आणून सोडला. यॉर्कशायरच्या गिरण्या, खाणी आणि कारखान्यांमधली माणसं रविवारी काळे कपडे घालून हौशी झाली.

बेरिल त्यांच्यातलीच. जन्म १२ मे १९३७, लीड्सचा. लहानपणी संधिज्वर झाला आणि जवळजवळ दोन वर्षं रुग्णालयात आणि आरोग्यभवनात गेली. हृदयाची काळजी होती, आणि जास्त श्रम करू नकोस असं डॉक्टरांनी बजावलं. शाळा सुटली आणि ती शिवणकामाच्या कारखान्यात लागली. तिथे चार्ली बर्टन भेटला. चार्ली सायकलवाला, आणि त्याच्या नादाने हीसुद्धा. १९५५ साली लग्न, १९५६ च्या जानेवारीत डेनिस ही मुलगी. चार्ली पुढे सांगायचा त्याप्रमाणे पहिल्या वर्षी क्लबबरोबर जाताना हिला मागून ढकलावं लागायचं. दुसऱ्या वर्षी ती सगळ्यांच्या बरोबरीने यायला लागली. तिसऱ्या वर्षी ती पुढे आणि बाकीचे मागे!

१९५७ साली शंभर मैलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं. १९५९ ला ट्रॅकवर, पर्सूट या प्रकारात, पहिलं जागतिक अजिंक्यपद. १९६० ला पूर्व जर्मनीत ट्रॅक आणि रस्ता अशी दोन्ही. मग एका सायकल कंपनीकडून धंदेवाईक होण्याबद्दल विचारणा झाली. तिने नको म्हटलं. धंदेवाईक झाली असती तर कंपनी म्हणेल ते विक्रम मोडत फिरावं लागलं असतं, आणि अजिंक्यपदाच्या स्पर्धा, रविवारच्या शर्यती, आपला क्लब, सगळंच बंद झालं असतं.

मग पैसे? ते शेतावरून. मॉर्ली, वेकफील्ड, रॉथवेल या भागात रुबार्ब नावाचं पीक निघतं. आपल्याकडे हे फारसं दिसत नाही म्हणून सांगतो. अळूसारखे मोठाले देठ असतात, रंगाने लालसर, चवीला आंबट. साखर घालून शिजवायचे आणि पायमध्ये भरायचे. पानं मात्र विषारी, ती टाकून द्यायची. थंडीत शेतातले जडच्या जड गड्डे उपटून अंधाऱ्या छपराखाली नेऊन लावतात. प्रकाश नाही, वर ऊब, त्यामुळे देठ भराभर आणि कोवळे वाढतात, आणि त्यांची तोडणी मेणबत्तीच्या उजेडात करतात. निम कार्लाइन नावाच्या माणसाचं असं शेत होतं, आणि हा कार्लाइन स्वतः चोवीस तासांच्या शर्यतीचा राष्ट्रीय विजेता. बेरिल त्याच्याकडे कामाला. हिवाळ्यात गारठलेल्या मातीतून ते गड्डे उकरायचे, उचलायचे, वाहायचे. आपण जिमला पैसे भरून जे करतो ते तिला पगारात मिळत होतं म्हणा ना. शिवाय मालक स्वतःच सायकलवेडा, त्यामुळे शर्यतीसाठी सुट्टी म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नव्हतं. (असा मॅनेजर मिळायला भाग्य लागतं!)

तर आता १९६७ च्या उन्हाळ्याकडे येऊ.

इंग्लंडचा शर्यतींचा मोसम वसंतात सुरू होतो आणि सप्टेंबरअखेर संपत येतो. जूनमध्ये तिथे पावणेपाचच्या सुमाराला उजाडतं, त्यामुळे पहाटेच्या शर्यतींना भरपूर प्रकाश मिळतो. बेरिलचं वेळापत्रक दर वर्षी जवळपास तेच. आठवड्याचं काम, संध्याकाळी सराव, सुट्टीच्या दिवशी शर्यत. पंचवीस मैल, पन्नास मैल, शंभर मैल. अष्टपैलूपणाचा किताब या तीन अंतरांवरच्या वेगाची सरासरी काढून ठरायचा.

त्याच उन्हाळ्यात, १३ जुलैला, फ्रान्समध्ये टॉम सिम्पसन मेला. तोही ब्रिटनच्या एका साध्या कामकरी घरातला, हौशी क्लबांमधूनच वर आलेला. पण त्याने धंदेवाईक व्हायचं ठरवलं, युरोप गाठला, बेल्जियममध्ये घर केलं आणि १९६५ ला जगज्जेता झाला. तूर द फ्रान्समध्ये मों व्हांतू नावाच्या उजाड डोंगराच्या चढणीवर, भयंकर उन्हात, तो सायकलवरून कोसळला. वय अवघं २९. अंगात अँफेटामिन हे उत्तेजक आणि दारू सापडली. त्या वर्षी त्याला चांगली कामगिरी करणं भागच होतं, कारण पुढची कंत्राटं त्यावर ठरणार होती.

यावरून धंदेवाईक वाईट आणि हौशी पवित्र असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण तो काढू नये. स्वतःला किती पिळायचं याचं मोजमाप बेरिलकडेही नव्हतं, हे पुढे दिसेलच. फरक एवढाच की तिच्या घरचं रेशन निकालावर अवलंबून नव्हतं. शर्यत हरली तरी सोमवारी रुबार्ब होताच. आणि जिंकली तरी सोमवारी रुबार्ब होताच!

सप्टेंबरच्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये हेर्लेन इथे जागतिक स्पर्धा झाल्या. रस्त्यावरच्या शर्यतीत बेरिल सोव्हिएत संघाच्या स्पर्धकाबरोबर पुढे निसटली, मग तिलाही मागे टाकलं आणि एकटीच आली. टाइम ट्रायलवाल्या माणसाला एकटं जायची सवयच असते. हे तिचं सातवं जागतिक अजिंक्यपद. कुणीही यानंतर आठवडाभर पाय पसरून झोपलं असतं.

ही मात्र १७ सप्टेंबरच्या रविवारी सकाळी यॉर्कशायरच्या रस्त्यावर हजर. ऑटली सायकलिंग क्लबची बारा तासांची शर्यत. या प्रकारात अंतर ठरलेलं नसतं, वेळ ठरलेली असते. बारा तासांत जो जास्त जाईल तो पहिला. ९९ पुरुष मिनिटा-मिनिटाने सुटले. त्यातला शेवटचा माइक मॅकनमारा. तो त्या वर्षी जबरदस्त जोरात होता, आणि त्या दिवशी पुरुषांचा विक्रम मोडायच्याच तयारीने आला होता. त्याच्यानंतर दोन मिनिटांनी बायकांची यादी सुरू झाली, आणि त्यात बेरिल.

बारा तास कुणी किती अंतर गेलं हे मोजतात कसं, हा अगदी इंजिनियरी प्रश्न आहे, म्हणून सांगतो. दिवसाच्या शेवटी सगळ्यांना एका ठरावीक वर्तुळाकार मार्गावर आणतात. त्यावर थोड्या-थोड्या अंतरावर घड्याळं घेऊन माणसं उभी असतात, आणि त्या प्रत्येक जागेचं अंतर आधी मोजलेलं असतं. तुमचे बारा तास भरायच्या आधी तुम्ही कुठल्या माणसाला ओलांडलंत, पुढच्यापाशी किती वाजता पोचलात, यावरून त्रैराशिक मांडून नेमकं अंतर काढतात. म्हणजे एका स्पर्धकाचा एक आकडा निघायला कितीतरी माणसांना रविवारची दुपार रस्त्याच्या कडेला वही-पेन्सिल घेऊन घालवावी लागते. फुकट. तेसुद्धा हौशीच!

दिवसभरात एकेक पुरुष बेरिलच्या मागे पडत गेला. दहा तास उलटले तेव्हा तिच्या पुढे एकच पाठ दिसत होती, मॅकनमाराची. म्हणजे तिने त्याची दोन मिनिटं भरून काढली होती. तो स्वतः पुरुषांच्या विक्रमाच्या वेगाने जात होता हे लक्षात घ्या. त्याच्या बरोबरीला आल्यावर काहीतरी बोलायला हवं, पण काय बोलणार? शेवटी तिने खिशात हात घातला, ज्येष्ठमधाची एक गोळी काढली आणि त्याच्यापुढे धरली. लिकरिश ऑलसॉर्ट्स म्हणून या रंगीबेरंगी गोळ्या तिकडे घरोघरी असतात. त्याने ती घेतली, आभार मानले, आणि ती पुढे निघून गेली. एकमेकांच्या आडोशाने जायचं नाही हा नियमच असल्यामुळे दोघं बरोबर राहू शकलेच नसते.

संध्याकाळी आकडे लागले. मॅकनमारा २७६.५२ मैल, पुरुषांचा नवा विक्रम. बेरिल बर्टन २७७.२५ मैल. किलोमीटरमध्ये सांगायचं तर सुमारे ४४६. म्हणजे साधारण पुण्याहून निघून पणजी, एका दिवसात, ताशी ३७ किलोमीटरच्या सरासरीने, पायाच्या जोरावर.

बिचाऱ्या मॅकनमाराचं मला नेहमी वाईट वाटतं. त्या दिवसाआधी कुठल्याही पुरुषाने केलं नव्हतं ते त्याने केलं, आणि इतिहासात त्याचं नाव राहिलं ते गोळी घेणारा म्हणून. बेरिलचं अंतर पुरुषांना पार करता आलं १९६९ साली. बायकांमध्ये तो विक्रम टिकला तब्बल ५० वर्षं. २०१७ मध्ये अ‍ॅलिस लेथब्रिज हिने २८५.६५ मैल जाऊन तो मोडला, आणि तोही वायुगतिकीचा विचार करून बनवलेल्या आजच्या सायकलीवर.

आता परत त्या पहिल्या प्रश्नाकडे. हिला वेळ कुठून मिळायचा?

थोडा बिडलेककडून, हे आपण पाहिलं. थोडा कार्लाइनकडून. थोडा रस्त्याकडेच्या वही-पेन्सिलवाल्यांकडून. आणि सगळ्यात जास्त चार्लीकडून. चार्ली स्वतः सायकलवाला होता, पण लवकरच त्याला कळलं की घरात एकाच माणसाची हौस पूर्ण ताकदीने चालू शकते, आणि ती बायकोची चालवायची. सायकली तो जुळवायचा, दुरुस्त करायचा, शर्यतींना बरोबर जायचा, मुलीला सांभाळायचा. १९५०-६० च्या दशकातल्या यॉर्कशायरमध्ये, बरं का! नवरा शर्यत करतोय आणि बायको डबा घेऊन रस्त्याकडेला उभी आहे, असं चित्र त्या काळात कुठल्याही देशात कुणाला खटकलं नसतं. इथे माणसं तीच, जागा उलट.

तरीही घरकाम तिला सुटलं नव्हतं. जागतिक स्पर्धेहून आल्यावर पिशव्या रिकाम्या करायच्या, कपडे धुवायचे, रांधायचं. विणकाम तर तिचं आवडतं. त्यामुळे चार्लीने सगळं केलं आणि ती फक्त सायकल चालवत होती असंही नाही. दोघांनी मिळून एका माणसाची हौस चालवली, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

आणि तिसरी? डेनिस. जिचं बालपण शर्यतीच्या रस्त्याकडेला गेलं ती मुलगी मोठी होऊन सायकलपटू झाली, यात नवल काही नाही. १९७२ साली मायलेकी एकाच ब्रिटिश संघातून जागतिक स्पर्धेला गेल्या. १९७५ मध्ये डेनिसने पर्सूटमध्ये जागतिक कांस्यपदक मिळवलं. आणि १९७६ च्या राष्ट्रीय शर्यतीत शेवटच्या काही मीटरमध्ये डेनिसने आईला हरवलं. विजेत्यांच्या चौथऱ्यावर आईने मुलीशी हात मिळवायला नकार दिला.

हा प्रसंग मला त्या २७७ मैलांपेक्षा जास्त विचारात पाडतो. पैसा नाही, कंत्राट नाही, रेशन अवलंबून नाही. मग एवढा कडवटपणा कुठून आला? बेरिलचं म्हणणं असं होतं की शर्यतीत पुढे असताना डेनिसने वारा तोडायचा आपला वाटा उचलला नाही. असेलही. पण ती समोर उभी असलेली मुलगी होती, आणि बेरिल तेव्हा ३९ वर्षांची. १९८६ साली 'पर्सनल बेस्ट' या आत्मचरित्रात तिने या वागण्याबद्दल स्वतःच खंत व्यक्त केली. म्हणजे 'आपण फक्त आनंदासाठी करतो' हे हौशी माणसाचं म्हणणं नेहमी तपासून घ्यावं. पैशाची गरज माणसाला एका ठिकाणी तरी थांबवते. पुरेसे मिळाले की बास. हौसेला अशी 'बास'ची खूण नसते.

पुढे दोघींचं जमलं. १९८२ साली त्या एकाच टँडेमवर, म्हणजे दोघांच्या सायकलवर, बसल्या आणि दहा मैलांचा ब्रिटिश विक्रम केला. टँडेमवर कुणी कुणाला हरवू शकत नाही, हे बरं आहे.

बेरिलला ऑलिंपिकमध्ये कधीच उतरता आलं नाही. बायकांची सायकलशर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली ती १९८४ साली लॉस एंजेलिसला, तेव्हा ती ४७ वर्षांची होती. सरकारने १९६४ ला एमबीई आणि १९६८ ला ओबीई हे किताब दिले. पण फ्रान्स, बेल्जियममध्ये रस्त्यावर लोक तिला ओळखत असताना मायदेशात सायकलवाल्यांपलीकडे फारसं कुणाला ती माहीत नव्हती. लंडनच्या वर्तमानपत्रांच्या लेखी पहाटे काळोखात चालणारा खेळ म्हणजे खेळच नव्हे. बिडलेकच्या त्या तोडग्याची ही दुसरी बाजू. ज्या लपवाछपवीमुळे हा खेळ कामकरी माणसाच्या आवाक्यात आला, त्याच सवयीमुळे त्यातली सर्वात मोठी खेळाडूही झाकलेलीच राहिली. अलीकडे हे थोडं बदललंय. २०१२ मध्ये अभिनेत्री मॅक्सीन पीकने तिच्यावर नभोनाट्य लिहिलं, ते २०१४ ला रंगमंचावर आलं, आणि मग चांगली जाडजूड चरित्रंही निघाली.

५ मे १९९६ ला बेरिल सायकलवरून निघाली होती, आठवड्याने येणाऱ्या आपल्या ५९ व्या वाढदिवसाची निमंत्रणं वाटायला. वाटेत हृदय बंद पडलं. ज्या हृदयाला जपायला डॉक्टरांनी लहानपणी सांगितलं होतं, तेच. त्यांचा सल्ला बरोबर होता की चूक, हे आता कोण ठरवणार? त्या हृदयाने नव्वदहून अधिक राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली होती, आणि शेवटच्या काही वर्षांत ते थकलंय हे दिसत असूनही ती थांबली नव्हती.

आपण शनिवार-रविवारी काहीबाही करतो. कुणी ट्रेकला जातं, कुणी गिटार शिकतं, कुणी फोटो काढतं. सोमवारी सगळे एकमेकांना विचारतात, "तुला वेळ कसा मिळतो रे?" यावर आपण जरा ऐटीत सांगतो की लवकर उठतो, टीव्ही बघत नाही वगैरे. मॉर्लीच्या या बाईचा इतिहास वाचल्यापासून मला हे उत्तर जरा अपुरं वाटायला लागलंय. कुणाची तरी हौस चालू आहे म्हणजे कुणीतरी गॅस बंद करतंय, मुलाला झोपवतंय, कुठल्यातरी संस्थेचा चिटणीस फुकटात याद्या करतोय. त्यांची नावं निकालपत्रकात नसतात.

इंग्लंडमध्ये त्या टाइम ट्रायल अजून चालतात. आताही मिनिटा-मिनिटाने एकेक माणूस सुटतो, मार्गाला अजून सांकेतिक अक्षरं-आकडेच असतात, आणि शर्यत संपली की गावच्या छोट्या सभागृहात चहा-केक असतो. तो चहा कुणीतरी पहाटे उठून केलेला असतो. तर पुढच्या वेळी ट्रेकहून दमून घरी याल तेव्हा बूट काढायच्या आधी जरा स्वयंपाकघरात डोकावा, आणि सोमवारच्या डब्याचं काय ते विचारा. शक्य असेल तर भाजी तुम्हीच चिरा.

असो. बराच लांबला लेख. उरलेला रविवार आता घरच्यांचा.